आत्याबाईच्या कानावर

मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी दिसणार नाही इतक्या उंचीवर कंपनीचा उपग्रह एकाच जागी ठाण मांडून बसला होता. खरं तर बसला नव्हता, पृथ्वीच्या बरोबरीने तोही गरगरत होता. पण दोघांचा फेरा एकाच वेळात पुरा होत असल्यामुळे खालच्या माणसाला तो जागचा हलत नाही असंच वाटे. कागदोपत्री त्याला अक्षरं आणि आकडे मिळून एक रुक्ष नाव होतं. नियंत्रण कक्षात मात्र सगळे त्याला आत्याबाई म्हणत. एका घरातलं ऐकायचं आणि जसंच्या तसं दहा घरी सांगायचं, याखेरीज या बाईने जन्मात दुसरं काही केलं नव्हतं. ऐकलेलं खरं की खोटं, याच्याशी तिला काडीचंही देणंघेणं नव्हतं. अशी एक आत्या प्रत्येक घराण्यात असते. ही आभाळात होती, एवढाच फरक.

नियंत्रण कक्ष म्हणजे बिनखिडक्यांची एक लांबट खोली. यंत्रांना उकडू नये म्हणून माणसांनी काकडायचं, असा तिथला कायदा. त्यामुळे भर उन्हाळ्यातही प्रत्येक खुर्चीच्या पाठीला एकेक स्वेटर लटकलेला असे. काचेपलीकडची मंडळी आत्याबाईला जागेवर ठेवत. चंद्र-सूर्य तिला सारखे आपल्याकडे ओढत, ती हळूहळू सरके, मग ही मंडळी तिच्याच पोटातलं थोडं इंधन जाळून तिला परत ढकलत. काचेच्या अलीकडे, टेलिफोन आणि पडद्यांच्या गराड्यात, जिची ही गोष्ट ती बसे.

टपावर छत्री, म्हणजे वर सिग्नल पाठवणारी तबकडी, लावलेल्या वृत्तवाहिन्यांच्या गाड्या गावोगाव फिरत आणि त्या गाड्यांवरची माणसं तिला 'वरच्या बाई' म्हणत. तिचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, आवाज मात्र सगळ्यांना पाठ होता. कारण तिच्या शब्दावाचून कुणालाच वर जाता येत नसे. गाडी जागेवर पोचली, छत्री उघडली, की गाडीवाला आधी हिला फोन करी. ही विचारी, "कुठून?" तो पत्ता सांगे. मग ही पडद्यावर बघत राही. पडद्यावर गवतासारखी खुरटी रेघ, आणि त्या रेघेवर जागोजाग आलेली टेंगळं. प्रत्येक टेंगूळ म्हणजे कुणाचं तरी बोलणं. नवं टेंगूळ फार उंच झालं तर शेजाऱ्यांना चेपणार, छत्री वाकडी असली तर शेजारच्याच्या ताटात सांडणार. म्हणून ही सांगे, "जरा डावीकडे फिरवा. अजून. बस्स. आता आवाज वाढवा. फार नको." आणि सगळं मनासारखं झालं की म्हणे, "घ्या वर."

एकदा वर घेतलं, की गाडीतल्या कॅमेऱ्यासमोर जे काही असेल ते तत्क्षणी आत्याबाईच्या कानावर पडे आणि अर्ध्या खंडावर सांडे. वाहिनी ते प्रत्यक्ष दाखवायला लागे बऱ्याच वेळाने. मधला वेळ बातमीदार केस विंचरी, नाक पुसे, बायकोशी फोनवर भांडे. आपल्याला आत्ता फक्त आपलीच माणसं बघताहेत, अशी त्याची समजूत. खरं तर ज्याच्याकडे म्हणून मोठी छत्री आणि थोडा उद्योगीपणा होता, त्या कुणालाही ते दिसू शकलं असतं. पण धंद्याचा एक न लिहिलेला कायदा होता. प्रत्यक्ष प्रक्षेपणाचा लाल दिवा कॅमेऱ्यावर लागण्याआधीचं जे दिसेल ते बघून न बघितल्यासारखं करायचं. डॉक्टराने रोग्याच्या अंगावरची चामखीळ चारचौघांत सांगू नये, तसंच हे. तिने हा कायदा इतकी वर्षं पाळला होता आणि त्यापायी फार जणांच्या चामखिळी तिला ठाऊक झाल्या होत्या.

सगळ्यात जास्त ठाऊक होत्या तोफेच्या.

तोफ हा एका मोठ्या वाहिनीचा बातमीदार. हे नाव त्याच्या वाहिनीनेच त्याला लावलं होतं आणि त्यालाही ते मनापासून आवडे. लाल दिवा लागला की गळा दाटून यायचा, डोळे भरायचे, बोट थरथरायचं. दिवा लागण्याआधी हाच माणूस शेजारी कुणाचं तरी प्रेत झाकून ठेवलेलं असताना छत्रीवाल्याला विचारायचा, "अरे, माझ्या दाताला काही लागलंय का बघ." खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे हत्तीला शोभतं. हा तर हत्तीही नव्हता.

ती त्याचा द्वेष करायची. हे सांगायला आडपडदा कशाला? सकाळी उठल्यावर काहींना देव आठवतो, तिला तोफ आठवायचा.

त्याचं कारण तिच्याच घरात, पलंगाच्या कडेला बसलेलं असे. तिचे बाबा शाळेच्या बसचे चालक. उभं आयुष्य पोरांना ने-आण करण्यात गेलं. सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. लग्नकार्यात कुणी पेला पुढे केला तर हे हात जोडून म्हणायचे, "माझ्या मागे पोरं बसतात हो." आणि अशा माणसाच्या बसचे ब्रेक एका सकाळी लांबलचक उतारावर निकामी झाले. खाली चौक होता, माणसांनी भरलेला. बाबांनी बस कडेच्या दगडी भिंतीवर घातली. चौक वाचला. बसमधल्या पोरांना मुका मार लागला. एक मुलगी मात्र, दाराशेजारच्या पुढच्या सीटवरची, गेली.

ती तेव्हा कामावर होती. शेजारणीचा फोन आला, बाबा सुखरूप आहेत, डोक्याला टाके पडलेत, दवाखान्यातून घरी आणलंय. ती बदली माणसाची वाट बघत पर्स खांद्याला लावून उभीच होती, तेवढ्यात एका गाडीचा फोन आला. छत्रीवाला ओळखीचा, शब्दाला जपणारा माणूस. तिचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. "कुठून?" विचारायचं राहिलं. पडद्यावर रंगीत पट्ट्यांचं चाचणीचं चित्र होतं, टेंगूळ व्यवस्थित होतं. ती म्हणाली, "घ्या वर."

पट्टे गेले आणि तिच्या घराचं दार दिसलं. दारापुढे तोफ उभा होता.

"याच दाराआड दडून बसलाय तो," दाटल्या गळ्याने तो सांगत होता, "तो दारुडा, ज्याने एका आईची कूस रिकामी केली." ती ओरडली नाही. ओरडून काय होणार? एकदा वर गेलेलं खाली ओढायचं बटण तिच्यापाशी नव्हतंच. तिच्या हातात फक्त परवानगी होती आणि ती तिने देऊन टाकली होती. आपलाच बाप, आपलंच दार, आणि आपल्याच तोंडाने म्हटलेलं 'घ्या वर'. खुर्चीची पाठ घट्ट धरून तिने ते शेवटपर्यंत पाहिलं.

पुढे चौकशी झाली. ब्रेकचाच दोष निघाला. बाबा निर्दोष सुटले. पण ते निर्दोष असल्याचं ऐकायला दारापुढे कुणी छत्री उघडली नाही. गल्लीत 'दारुड्याचं घर' हा पत्ता होऊन बसला. किराणावाला विचारी, "हे दारुड्याच्या घरी पाठवायचं का?" आणि मग जीभ चावी. त्या मुलीची आई एकदा दाराशी येऊन वाटेल ते बोलून गेली. बाबा उंबऱ्यात खाली मान घालून सगळं ऐकत राहिले. ती मधे पडायला गेली तर त्यांनी तिला हाताने मागे सारलं.

"बाबा, आपण तिच्याकडे जाऊ," निकालानंतर ती म्हणाली होती. "तिला सांगू, तुम्ही प्यायला नव्हता म्हणून."

"तिला काही सांगायला जायचं नाही," बाबा म्हणाले. त्या अपघातानंतर एवढ्या ठाम आवाजात ते पहिल्यांदा बोलले आणि नंतर पुन्हा कधी बोलले नाहीत. पलंगाच्या कडेला बसायचं, भाजी निवडून द्यायची, विचारलं तर हूं म्हणायचं. तिने मनाशी ठरवलं की त्या एका शब्दाने माझ्या बापाचा कणा मोडला. दारुडा.

मग ती एकटीच वाहिनीच्या कचेरीत गेली. आत कुणी घेईना, तेव्हा लिफ्टपाशी तोफेला गाठलं. सगळं सांगितलं. दोन वाक्यं बोला, एवढंच मागितलं. तोफेने लिफ्टच्या आरशात कॉलर नीट केली. "बाई, शिळी बातमी कुणी ताटात घेतं का?" दार बंद झालं. जाताना तो हसला होता, वाईट हसणंही नव्हतं ते, नुसतं सवयीचं. तिला राग आला तो त्याचाच. मुद्दाम केलेलं वैर तरी समजतं. याच्या तर आपण कुणाचं घर मोडलं हे लक्षातही नव्हतं.

तेव्हापासून ती वाट बघत होती. चष्मेवाला, म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा तिचा सहकारी, तिला एकदा म्हणाला, "त्या दिवशी तू पत्ता विचारला असतास तर?" ती म्हणाली, "आत्याबाईला मिशा असत्या तर." चष्मेवाला हसला, कारण आत्याबाईच्या अंगावर खरोखरच मिशांसारख्या अँटेना होत्या. ती हसली नाही. जर-तरमध्ये तिला रस उरला नव्हता. तिला तोफ हवा होता, भर उजेडात, त्याच्या स्वतःच्या तोंडाने मेलेला.

संधी आली ती पुलाच्या उद्घाटनाने. खाडीवरचा नवा पूल, बडी मंडळी येणार, बंदोबस्त कडक. सुरक्षेच्या लोकांनी पुलावर एकच गाडी येऊ द्यायचं ठरवलं. त्या एका गाडीचं चित्र आणि आवाज सगळ्या वाहिन्यांनी घ्यायचा. चिठ्ठ्या टाकल्या. तोफेची वाहिनी निघाली.

अशा सामायिक प्रक्षेपणात सगळ्या धाग्यांची गाठ तिच्या हातात असे. सगळ्या वाहिन्यांचे तंत्रज्ञ तिलाच विचारत, सिग्नल कधी येणार, आवाज किती ठेवू. आणि बातमीदाराचा आवाज तपासायला गाडीवाला तिचा फोन सरळ बातमीदाराच्या कानात जोडून देई. एक ते दहा आकडे म्हणवून घेण्याची जुनी रीत होती, पण आकडे म्हणताना माणूस पाढे म्हटल्यासारखा बोलतो, खरा आवाज लागत नाही. म्हणून जाणकार लोक बातमीदाराला काहीतरी विचारून बोलतं करत. सकाळी काय खाल्लं, घरी कोण कोण असतं, असलं काही.

यातली मेख तिने फार दिवस मनात घोळवली होती. बातमीदाराच्या कानात ती काय बोलली हे कुणालाच ऐकू जाणार नव्हतं. वर जाणार होता तो फक्त त्याचा आवाज. तेव्हा प्रश्न असा हवा, की उत्तर एकटंच ऐकलं तरी पुरं समजावं.

त्या सकाळी तिने दुसरं काहीही केलं नाही. कायदा मोडला नाही, कुठलं बटण चुकीचं दाबलं नाही. सगळ्या वाहिन्यांना फोन करून गोड आवाजात एवढंच सांगितलं, "आज बडी माणसं आहेत, नंतर गडबड नको. सिग्नल जरा लवकर देते. ध्वनिमुद्रण आत्ताच सुरू करून आवाज जुळवून घ्या." कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. उलट एकाने तिचे आभार मानले. वरच्या बाईंचं काम चोख असतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडीचा फोन आला. "कुठून?" तिने विचारलं. तो दिवस सोडला तर हा प्रश्न विचारायला ती कधीच चुकली नव्हती.

"पुलावरून, ताई. छत्री लागली."

डावीकडे, अजून, बस्स. टेंगूळ सुबक आलं. "घ्या वर, दादा. आणि बातमीदारांच्या कानात मला जोडा. आवाज बघायचाय."

पडद्यावर तोफ आला. मागे पूल, झेंड्यांच्या माळा, निळं पाणी. तो आरशात बघून भुवया सारख्या करत होता.

"नमस्कार," ती म्हणाली. "आवाजासाठी थोडं बोलता का?"

"एक, दोन, तीन."

"आकडे नकोत हो. तुम्ही बोललात की कसं, ऐकत राहावंसं वाटतं. त्या शाळेच्या बसची बातमी तुम्ही केली होतीत ना? आमच्याकडे अजून तिचं नाव निघतं. तसं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मला एक सांगा, तो ड्रायव्हर खरंच प्यायला होता का?"

स्तुती कुणाला कडू लागते? तोफेने आरसा खाली ठेवला. चेहऱ्यावर गुळाचा खडा तोंडात विरघळावा तसं समाधान पसरलं.

"तो शाळेच्या बसचा ड्रायव्हर? छे हो, कसला प्यायला होता! दवाखान्यातल्या डॉक्टरने मला त्याच दिवशी सांगितलं, थेंबसुद्धा नव्हता पोटात. पण ब्रेक निकामी झाले ही काय बातमी आहे? ब्रेकचा चेहरा दाखवता येतो का? ड्रायव्हर दारुडा म्हटलं की घराघरात माणूस जेवता जेवता थांबतो. पोरगी मेलेली, आई रडतेय, आता कुणीतरी राक्षस नको का? मी दिला. त्या ड्रायव्हरचं म्हणाल तर, असल्या माणसाची अशी काय मोठी अब्रू असते?" तो मनापासून हसला. "आला का आवाज?"

ती अपेक्षा करत होती कुजकट विनोदाची. त्याला सगळं माहीत होतं, हे तिलाही माहीत नव्हतं. क्षणभर पडदा तिच्या डोळ्यांपुढे पुसट झाला. मग ती म्हणाली, "आला. अगदी स्वच्छ आला."

पुलाचं उद्घाटन कुणी धड पाहिलंच नाही. फीत कापली जाईपर्यंत तोफेचं बोलणं एका प्रतिस्पर्धी वाहिनीने दाखवलं होतं. न लिहिलेला कायदा मोडायला कुणीतरी पहिला लागतो; तो मिळाला की बाकीच्यांची नीती पाण्यात मीठ विरघळावं तशी विरघळते. दुपारच्या जेवणापर्यंत झाडून सगळ्या वाहिन्यांवर तोच चेहरा, तोच आरसा, तेच हसू. 'असल्या माणसाची अशी काय मोठी अब्रू असते?' हे वाक्य तर इतक्या वेळा वाजलं, की चष्मेवाल्याला ते पाठ झालं. तोफेच्या वाहिनीने दुपारीच हात झटकले. आमचा या गृहस्थांशी यापुढे संबंध नाही. पुलावरून बाहेर पडताना त्याच्याभोवती कॅमेऱ्यांचं कोंडाळं झालं आणि तो हाताने तोंड झाकून चालत राहिला. तोंड झाकायची पाळी त्याच्यावर आली होती. तिने ते दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं.

बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोला? बधिर झालेल्या पायात परत रक्त धावावं तसं तिला वाटलं, झिणझिण्यांसकट. क्षमा थोर असते म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या दारापुढे कुणी कधी छत्री उघडलेली नसते.

साहेब आले, तिच्या खुर्चीमागे थोडे घुटमळले. "आज सिग्नल जरा लवकर दिलात?"

"आवाज जुळवायला."

साहेबांना काहीतरी समजलं असावं किंवा समजून घ्यायचं नसावं. त्यांनी मान डोलावली आणि ते काचेपलीकडे गेले.

मग दुपारी फोन सुरू झाले.

"कुठून?" तिने पहिल्या गाडीला विचारलं. छत्रीवाल्याने पत्ता सांगितला. तिच्याच गल्लीचा.

येऊ द्या, ती मनात म्हणाली. सगळ्या येऊ द्या. ज्या दारापुढे म्हणालात, त्याच दारापुढे परत घ्या. तिने घरी फोन लावला. बाबांनी उचलला नाही. ते उचलतच नसत. दुसऱ्या गाडीचा फोन आला, मग तिसऱ्या. रेघेवर एकापाठोपाठ एक टेंगळं उभी राहू लागली, सगळी तिच्या गल्लीतली. एरवी ती एवढ्या गाड्यांना एका ठिकाणाहून वर घेताना कुरकुरायची. आज तिने भराभर जागा करून दिल्या. डावीकडे, बस्स, घ्या वर. घ्या वर. घ्या वर. चष्मेवाल्याने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. हे सगळं तिनेच घडवलं, हे त्याला आता कळलं होतं. त्याने आपला चहा तिच्यापुढे ठेवला.

पडद्यावर दार होतं. रंग उडालेलं, कडीजवळ हाताच्या मळाचा डाग पडलेलं. गल्लीतली माणसं गच्चीवर, जिन्यावर, सायकलीवर एक पाय टेकून. किराणावाला सगळ्यांत पुढे, हात जोडून, जणू सगळी वर्षं तोच बाबांच्या बाजूने लढत होता. एका बातमीदार मुलीने दार वाजवलं, हलकेच.

दार उघडलं. बाबा बाहेर आले. अंगात घरातला सदरा, हातात अर्धी निवडलेली भाजीची जुडी. उजेडाला डोळे बारीक करून ते उभे राहिले.

"काका," ती मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरोखरची माया होती, "आज सगळ्या जगाला कळलंय, तुम्ही प्यायला नव्हता. तुमच्यावर केवढा अन्याय झाला. काय वाटतंय?"

आता, ती पडद्यासमोर बसून म्हणाली. आता मान वर करा, बाबा.

बाबांनी मान वर केली. "मी प्यायलो नव्हतो, हे खरं आहे," ते म्हणाले. लांबलचक बोलण्याची त्यांच्या आवाजाची सवय इतकी गेलेली होती, की प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता. "पण त्याने काय होतं? ब्रेक गेले तेव्हा मी बस भिंतीवर घातली. डाव्या अंगाने घातली. उजव्या अंगाला मी बसलो होतो. विचार करायला वेळ नव्हता, हातांनीच केलं ते. हात आपला जीव वाचवायला गेले. डावीकडे ती पोर होती. उजवीकडून घातली असती तर मी गेलो असतो, ती घरी गेली असती. हे मला चौकशीत कुणी विचारलं नाही."

बातमीदार मुलीचा माईक थोडा खाली आला.

"त्या माणसाने मला दारुडा म्हटलं," बाबा म्हणाले, "तेव्हा मला वाईट नाही वाटलं. बरं वाटलं. त्या मुलीच्या आईला शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं. एका दारुड्याने माझी पोर मारली, असं तिला म्हणता येत होतं. ती माझ्या दारात येऊन बोलून गेली, त्या रात्री तरी तिला झोप लागली असेल. ब्रेकला कोण शिव्या देतं? लोखंडाच्या तुकड्याला? एवढं एकच मला तिच्यासाठी करता येत होतं, गप्प बसणं. ते मी करत होतो." त्यांनी हातातल्या जुडीकडे पाहिलं. "आता तुम्ही तिलाही जाऊन सांगाल, की दारुडा कुणी नव्हताच. मग ती बाई काय करेल? कुणी केलं हो हे? काय गरज होती?"

ते वळले आणि आत गेले. कडी लागल्याचा आवाज सगळ्या माईकांनी टिपला आणि तो वर जाऊन खाली आला.

चष्मेवाला तिच्याकडे बघत नव्हता. ती पडद्यावरच्या बंद दाराकडे बघत होती. इतकी वर्षं त्या पलंगाच्या कडेला बसलेल्या माणसाच्या वतीने ती रागावली होती, आणि त्याला एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तुम्हाला नेमकं काय सलतंय. तिने गृहीत धरलं होतं. लिफ्टमधल्या माणसाने, तोफेने, जसं त्यांना अब्रूच नाही असं धरलं होतं, तसंच.

फोन वाजला. ओळखीचा छत्रीवाला होता, गल्लीतून सगळ्यांत आधी निघालेला.

"कुठून?" तिने विचारलं.

"त्या मुलीच्या आईच्या दारातून, ताई. सगळे इकडेच येताहेत. मी पहिला पोचलोय. बाई घरात आहेत, खिडकीतून बघताहेत. छत्री लागली, टेंगूळ दिसतंय का बघा. घेऊ ना वर?"

रेघेवर ऐसपैस जागा होती. गल्लीतल्या गाड्यांनी आवरतं घेतलं होतं, एकेक टेंगूळ गवतात बसत होतं.

"जागा नाही," ती म्हणाली.

"अहो ताई, आत्ता तर किती गाड्या उतरल्या."

"नाही म्हटलं ना. आज नाही. कुणालाच नाही."

छत्रीवाल्याच्या फोनमधून बातमीदाराचं घाई कर, घाई कर ऐकू येत होतं, आणि त्याच्याही मागे कुणीतरी दाराची कडी वाजवत होतं.

"बरं, राहू द्या मग," तो म्हणाला. "आपल्या शेजारच्या उपग्रहावर जागा आहे म्हणतात. तिकडे विचारतो." आणि त्याने फोन ठेवला.